गरम पाण्याची तालीम

माझा धाकटा भाऊ आठ वर्षं जपानात आहे आणि या आठ वर्षांत तो तंजावरला एकदाही आलेला नाही. रजा मिळत नाही म्हणतो. गेल्या वर्षी मात्र त्याला एकाएकी आईचा पुळका आला आणि त्यानं तिच्यासाठी डोंगरातल्या एका जुन्या सरायीत तीन रात्रींची खोली ठरवली. तीनशे वर्षांची लाकडी सराय. जमिनीतून गरम पाणी येतं, दगडी टाक्यात गळ्यापर्यंत बसायचं, की गुडघेदुखी पळून जाते म्हणे. फोनवर फोटो आले. वाफाळणारं टाकं, कडेनं बर्फ, खोलीत गवताच्या चटया.

"चटईवर निजायला एवढ्या लांब कशाला जायचं गे?" आई म्हणाली, पण फोटो दिवसातून चारदा बघायची.

"अक्का, तू फक्त तिला विमानात बसव, बाकी मी बघतो," असं भाऊ म्हणाला. फक्त! त्या फक्तमध्ये आईच्या पासपोर्टसाठी तिरुचीच्या तीन खेपा आल्या, तिच्या झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटेनात ते आलं, डॉक्टरचा दाखला आला. मी पापनाशमच्या शाळेत शिकवते, रोज बसनं जाते-येते. माझ्या सगळ्या किरकोळ रजा त्यात गेल्या. मला तिकडे कुणी बोलावलं नव्हतं, हेही सांगून टाकते. करायला मी आणि मिरवायला तो. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते काही खोटं नाही.

मग सरायीचे नियम आले. आधी बाहेर बसून अंग घासून धुवायचं, मगच टाक्यात उतरायचं. अंगावर सूतभर कपडा नको. मीच हे वाचताना लाजले. आई खुशाल हसली. "तिरुवैयारूला कावेरीच्या घाटावर आम्ही पोरी काय शालू नेसून उतरत होतो?" तो प्रश्न मिटला. खरी मेख शेवटच्या ओळीत होती. टाक्यात उतरायला दोन उंच पायऱ्या, धरायला कठडा नाही, वास्तू जुनी म्हणून बसवताही येत नाही. पाहुण्याला आपलं आपण उतरता आणि बाहेर येता आलं पाहिजे. बायकांच्या बाजूला मुलाला जाता येणार नाही.

भावाचा लगेच फोन. "अक्का, तिच्याकडून जरा प्रॅक्टिस करून घे. जमत असेल तरच तिकीट काढतो."

झालं! मागच्या अंगणात सिमेंटची तोट्टी आहे, एके काळी गाय तिच्यात पाणी प्यायची. ती मी ब्रशनं घासली, आत-बाहेर विटा रचून पायऱ्या केल्या. दर रविवारी सकाळी आमची तालीम सुरू झाली. आई जुनं सुती लुगडं खोचून उतरायची छान, अगदी देवळाच्या तळ्यात उतरल्यासारखी. पण उठायचं म्हटलं की संपलं. "अय्यो, गुडघा!" मी काखेत हात घालून ओढायची, तिचं सगळं वजन माझ्या पाठीवर. चार रविवार गेले. सोमवारी वर्गात फळ्यावर हात वर करताना माझी कंबर कळवळायची. शेजारीण कुंपणावरून मजा बघायची आणि सल्ले द्यायची. माझ्या नाकी नऊ आले.

पाचव्या रविवारी आई म्हणाली, "गार पाण्यात सांधे आखडतात. गरम पाणी घाल, मग उठेन." मी गॅसवर हंड्यावर हंडे तापवले आणि अकरा बादल्या वाहिल्या. आई गळ्यापर्यंत बसली. डोळे मिटले. दहा मिनिटांपेक्षा जास्त बसायचं नाही असा तिकडचा नियम, म्हणून मी घड्याळ लावून उभी.

"आई, ऊठ."

"बसू दे जरा."

"ऊठ म्हणते ना! तिथं असं केलंस तर कोण काढणार तुला? महिनाभर मी मरमर मरतेय आणि तुला मजा सुचतेय!" मी ओरडलेच. शेजारणीनं मान वर काढली.

आईनं डोळे उघडले. तोट्टीच्या काठावर दोन्ही तळवे टेकले, एक पाय विटेवर घेतला आणि सरळ उभी राहिली. मला हातही लावू दिला नाही. बाहेर आली, लुगडं पिळलं.

"त्याला सांग, मला उठता येत नाही."

"म्हणजे पहिल्यापासून येत होतं तुला? आणि मी कंबर मोडून घेतली ती?"

"मी गेले की तीन दिवस मला गरम पाण्यात बसवील, आणि त्याच्या मनाचं समाधान होईल," ती म्हणाली. "मग इकडं कशाला येईल? आई येऊ शकत नाही म्हटल्यावर त्यालाच यावं लागेल."

इतका राग आला मला! माझ्या पाठीचा, माझ्या रजांचा तिनं विचारच केला नव्हता. आणि तरी तिचा हिशेब मला पटला, याचा आणखी राग आला. तिथंच उभ्या उभ्या मी फोन लावला. तिलाही ऐकू यावं म्हणून फोनचा आवाज मोठा ठेवला.

"नाही जमत रे तिला. उठताच येत नाही. खूप प्रयत्न केले."

आई ओल्या लुगड्यानिशी माझ्या खांद्याशी येऊन उभी राहिली. अंगावरून पाणी गळत होतं, पण टॉवेल घेईना.

"अरेरे," भाऊ म्हणाला. "वाईट वाटलं. असू दे अक्का, तिला उगाच त्रास नको. मी बुकिंग रद्द करतो. तिला जप. ठेवतो, मीटिंग आहे."

फोन बंद झाला. मी आईकडे बघायचं टाळलं, बादल्या गोळा करायला लागले.

"उद्या परत लाव," आई म्हणाली. "त्याला नीट ऐकू आलं नसेल."