सायकलीवरचा मुराळी

पवनानगर ते कामशेत वडापची जीप हाय माझी, शिटं भरली की सोडायची. नाव हौशीराम, पर स्टँडवर पाठीमागं मला ‘फटाका’ म्हणत्यात. ठाऊक हाय मला. पेटतो मी लवकर, त्यात काय खोटं? पर आज जिचं सांगतोय तिच्यापुढं माझी वात पार भिजली. पन्नाशी उलटली माझी. पुढारी बघितले, पैलवान बघितले, धरणावर तंबू ठोकून रातभर नाचणारे टुरिस्ट बघितले. असं माणूस न्हाई बघितलं.

स्नेहल तिचं नाव. माझ्या शेजारच्या कस्तुराबाईची धाकटी लेक. लोणावळ्यात एका दातांच्या दवाखान्यात काम करती, आलेल्या पेशंटचे नंबर लावायचं. अंगानं काडी. फुंकर मारली तर उडंल असं वाटायचं मला. कस्तुराबाईला दोन लेकीच. थोरली सविता, तिला नारायणगावच्या पुढं एका खेड्यात दिलेली.

त्यांचा बाप रखमाजी माझा दोस्त. सोमाटण्याजवळ जुन्या हायवेवर त्याच्या मोटरसायकलीला टेम्पोनं उडवलं. रखमाजी जागेवर गेला. मागं कस्तुराबाई बसलेली, तिचा खुबा मोडला. तवापासनं ती काठीवर. गाडीत जरा येळ बसली तरी कळ मस्तकात जाती, म्हणून घर सोडून कुटं जाणं न्हाई. दवाखान्यातल्या खाटेवरच तिनं स्नेहलचा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला आन् शप्पथ घातली, “इंजिनाची गाडी तू कधी चालवायची न्हाई.” पोरीनं कबूल केलं. दुसरं काय करणार?

आता सविताच्या सासऱ्याचं ऐका. कोंडाजी. पिळदार मिशा, घरापुढं गुरांचा मोठा वाडगा, आन् त्याहून मोठा हट्ट. त्याच्या घरची रीत अशी की मुराळी आल्याबिगर सून माहेरी जात न्हाई. मुराळी म्हंजी लेकीला सासरहून न्यायला येतो तो माहेरचा माणूस. भाऊ, न्हाईतर बाप. रखमाजी असताना तोच जायचा दर दिवाळीला. तो गेला आन् सविताची वाटच बंद झाली. तिचा नवरा निलेश ट्रकवर, महिना महिना बाहेर. बापापुढं ब्र काढत न्हाई. सविताला पोरगी झाली, सृष्टी, ती चालाया लागली, बोलाया लागली, आन् हिकडं आजी तिला मोबाईलात बघती. मोबाईलात नात बघून पोट भरतं व्हय? फोन ठेवला की कस्तुराबाई पदरानं काच पुसायची. मी बघितलंय.

“मी जातो की,” मी म्हणलं एकदा. “माझी जीप हाय.”

कोंडाजीनं फोनवर सांगितलं, “शेजाऱ्याबरुबर सून धाडत न्हाई आमी.” असा पेटलो मी! पर दुसऱ्याच्या घरचा उंबरा, बोलणार काय.

मागच्या दिवाळीला स्नेहल एकटी एस्टीनं गेली. म्हणली, मी रक्ताची हाय, मी आणते ताईला. कोंडाजीनं चहा पाजला, लाडू दिला, आन् चार माणसांत हसून म्हणला, “पोरगी मुराळी? बरं, ते बी असू दे. पर मुराळी आपल्या गाडीनं येतो पोरी. एस्टीच्या धक्क्यानं न्हाई. गाडी घेऊन ये, मंग ने.”

त्याला वाटलं, तोडून टाकला इषय. शपथेचं सगळ्या पाव्हण्यांना ठाऊक व्हतं ना.

त्या दिवशी कामशेतला ती माझ्या जीपमधी बसली ती घर येईपर्यंत रस्त्यावरच्या गाड्याच बघत राहिली. अशा येळी तोंड उघडणारा माणूस गाढव.

संक्रांत झाल्यावर म्हणली, “काका, चिंचवडला येता का माझ्याबरोबर? सायकल घ्यायची आहे. तुमची जीप भरेपर्यंत मला रोज उशीर होतो, डॉक्टर ओरडतात.”

घ्या! माझ्याच जीपला नावं ठेवून मलाच बरुबर न्यायला निघाली. पर गेलो. फसवतील पोरीला, म्हणलं.

दुकान कसलं, लग्नाचा हॉल. भिंतीवर सायकली टांगलेल्या. एकेकीची किंमत ऐकून मला घाम फुटला. स्नेहल मातर त्या भारी सायकलींकडं बघायला बी तयार न्हाई. थेट कोपऱ्यातल्या एका निळ्या सायकलीपाशी गेली. हँडल मेंढ्याच्या शिंगावाणी खाली वळलेलं, चाकं बारीक.

“ही अ‍ॅल्युमिनियमची आहे ना?” तिनं इचारलं.

“अ‍ॅल्युमिनियम?” मी मधीच. “अगं, पातेलं चेपतं त्याचं! लोखंडाची घे, नातवंडं चालवतील.”

दुकानदार हसला. म्हणला, “काका, उचलून बघा.” मी पैलवानासारखा दम घेतला आन् उचलली. आई शप्पथ, हातात काय आलंच न्हाई! पाण्याची भरली कळशी यापरीस जड. मी वेड्यावाणी दोनदा खाली ठेवली आन् दोनदा उचलली.

ती इचारत व्हती, पावसात गंजंल का, मागं कॅरिअर बसवायला भोकं हाईत का, चढाला हलके गिअर लागतील का, दिवसभर बसलं तर पाठ धरंल का. दुकानदारानं दांडा पायांच्या मधी घेऊन तिला उभी केली, सीट वरखाली केलं, मंग एक माप लहान सायकल काढली. म्हणला, “ही तुमच्या उंचीची. ऑफिसला रोज जा, लांबही जा.”

“लांब म्हणजे किती? नारायणगावच्या पुढं एका दिवसात जाता येईल?”

तवा कुटं माझ्या टाळक्यात उजेड पडला. गाडी! कोंडाजीनं गाडी मागितली व्हती, इंजिन न्हाई मागितलं. मी तिच्याकडं बघतच राहिलो. तिनं नुस्तं ओठावर बोट ठेवलं.

गावात आल्यावर जत्रा भरली सायकल बघायला. स्टँड न्हाई? घंटी न्हाई? ह्या पैशात जुनी स्कूटी आली असती की! कुणी म्हणलं, पोरीला टुरिस्टांचं वारं लागलं. मी पूजा केली, हार घातला, नारळ फोडला, आन् रीतीपरमाणं चाकाखाली लिंबू ठेवलं. मोटारीखाली लिंबू फुटतं. ह्या बारक्या चाकाखालनं ते सटकन निसटलं आन् स्नेहल धप्पकन माझ्या अंगावर. सगळं गाव हसलं. कस्तुराबाई तेवढी दारात उभी, हसली न्हाई. सायकलीला इंजिन न्हाई, त्यामुळं शप्पथ मोडली असं बी म्हणता येईना. पर तिला भ्या वाटत व्हतं, ते दिसत व्हतं.

मंग पोरगी रोज दुधिवरे खिंडीनं लोणावळ्याला जाऊ लागली. तो चढ मी जीप दुसऱ्या गिअरात टाकून चढतो. पयल्या दिवशी खिंडीत बसून ओकली, हे तिनंच सांगितलं. पंधरवडा गेला, ओकणं थांबलं. उन्हाळा गेला. पावसात चिखलाच्या रेघा पाठीवर घेऊन यायची, दवाखान्यात कपडे बदलायची. रविवारी अजून लांब. एकदा माझी जीप धरणाजवळ टुरिस्टांच्या गाड्यांत अडकलेली, हॉर्न मारून मारून माझा आवाज बसलेला, आन् ही बाजूच्या फटीतनं “येते हं काका” म्हणून पुढं गेली. असा राग आला! आन् राग यायच्या आधी हसू आलं, खरं सांगतो.

दिवाळीच्या आधल्या आठवड्यात तिनं आईला सांगितलं. कस्तुराबाई माझ्याकडं काठी टेकत आली. “हौशीरामभाऊ, त्याच हायवेनं जाणार ती. मी अडवलं तर सविता न्हाई येत. न्हाई अडवलं तर...” मंग म्हणली, “तुमी मागं मागं जा. येताना सविता आन् नात तुमच्या जीपमधी आणा.”

उजाडताना निघालो. पुढं ती, मागं मी. तळेगाव, चाकण. काय त्या कंटेनरच्या रांगा! ट्रक जवळ आला की त्याच्या आन् तिच्या मधी मी माझी जीप घालायचो, मागनं लोक शिव्या द्यायचे. देऊ द्या. शिव्या मला येत न्हाईत व्हय?

राजगुरुनगरला ती थांबली, दोन केळी खाल्ली, पाणी प्याली. तोंड लालबुंद. म्हणलं, “सायकल टाक वर टपावर, बस जीपमधी. गावाच्या वेशीवर उतर. कोण बघतंय?”

“मी बघतेय ना, काका,” म्हणली.

मी गुमान जीप चालू केली.

खेडचा घाट लागला. ती चढाला लागली, सीटवरनं उठली, डावा पाय, उजवा पाय, आन् माझ्या जीपनं धूर काढला. रेडिएटर उकळला! थांबलो, बॉनेट उघडलं, कॅनमधलं पाणी ओतत बसलो. ती वरच्या वळणावर बोटाएवढी दिसली, मग दिसंनाशी झाली. मी तितं रस्त्याच्या कडंला येड्यावाणी उभा, हातात रिकामा कॅन. रखमाजीला हे दिसायला पाइजे व्हतं, एवढंच सारखं डोक्यात. ती काडी, आन् हे काम! कुटनं आलं हे बळ? अजून कळलं न्हाई मला.

गाठली तिला तवा मंचर मागं पडलं व्हतं. उन्हात मान खाली घालून चाललीय, एका लयीत. मी हॉर्न सुदिक वाजवला न्हाई. देवळात माणूस हळू चालतो तशी मी जीप चालवली.

वेशीवर मी जीप लांब लावली. मुराळ्यानं एकट्यानं जायचं. पर माझा पाय ऐकतोय व्हय? गेलो चालत मागनं.

कोंडाजी ओट्यावर, शेजारी चार माणसं. स्नेहल वाडग्यात शिरली, सायकलीवरनं उतरताना लंगडली. धुळीनं गुडघ्यापर्यंत पांढरी झालेली. सायकलीला स्टँड न्हाई म्हणून तशीच धरून उभी राहिली.

“आबा, ताईला न्यायला आले.”

“कशानं आलीस?”

“घरापासनं ह्याच्यावरनं.”

ओट्यावरची माणसं एकमेकांकडं बघाया लागली. एक जण म्हणला, “मावळातनं? हितवर?” दुसरा खो खो हसला. कोंडाजी हसला न्हाई. उठला, सायकलीभोवती फिरला, बारीक चाक बोटानं दाबून बघितलं. मिशीला हात लावत म्हणला, “गाडी हाय खरी. पर बैल कुटं हाईत?”

स्नेहलनं दोन्ही मांड्यांवर थाप मारली. “हे काय, आबा.”

हसणारा सावरून बसला.

जुन्या काळी मुराळ्याचे बैल घरधन्यानं सोताच्या हातानं सोडायचे आन् त्यास्नी पाणी द्यायचं, ही रीत. कोंडाजी आत गेला. मला वाटलं, दार लावतोय. बाहेर आला तो हातात भरली घागर. त्या म्हाताऱ्यानं, त्या हट्टी म्हाताऱ्यानं, खाली बसून पोरीच्या पायांवर गुडघ्यापासनं पाणी ओतलं. धूळ वाहून गेली. घागर रिकामी झाली तवा तो घराकडं तोंड करून ओरडला, “सूनबाई, आवर! तुझा मुराळी आलाय!”

सविता आतनं पळत आली ती पिठाच्या हातानं. पुढचं मी बघितलं न्हाई, माझ्या डोळ्यांत पाणी व्हतं.

रातचा मुक्काम तितंच झाला. मुराळी आला म्हणल्यावर आता शेजाऱ्याची जीप बी चालत व्हती; सकाळी कोंडाजीनं सोता जीपमधी कांद्याची पिशवी टाकली, सविता आन् सृष्टी बसल्या. स्नेहल आमच्या आधी निघाली. “तूबी बस की आता, आणलीस ना,” सविता रडकुंडीला आली. पर मुराळी आपल्याच गाडीनं जाणार. वाटेत तिला मागं टाकून आमी दुपारी घरी पोचलो. सविताचा धीर सुटला व्हता.

कस्तुराबाई दारात. हातात भाकरतुकडा, लेकीवरनं ओवाळून टाकायला. सविता “आई!” करत धावली. तर म्हातारीनं काठी आडवी धरली.

“थांब,” म्हणली. “मुराळी येऊ दे. तिच्या आधी आत न्हाई यायचं.”

“अगं, तिला यायला अजून लय येळ लागंल!”

“लागू दे.”

आन् मग काय सांगू. आई उंबऱ्याच्या आत बसली, लेक उंबऱ्याच्या बाहेर. एवढी वर्सं ज्या लेकीसाठी जीव टाकला ती हाताच्या अंतरावर, आन् म्हातारी तिला हात लावंना. दोघी नुस्त्या एकमेकींकडं बघत व्हत्या. सृष्टीला कसली रीत न् कसलं काय, ती उंबऱ्यावरनं हिकडं तिकडं करत व्हती, कधी आईच्या मांडीवर, कधी आजीच्या. शेजारच्या बाया जमल्या, त्या बी अंगणात टेकल्या.

उन्हं कलली तवा वळणावर निळी सायकल दिसली. स्नेहल दारापर्यंत आली, उतरली आन् चिडलीच, “अगं, बाहेर काय बसलात? आत जायचं ना!”

कस्तुराबाई काठीवर उठली. भाकरतुकडा आधी स्नेहलवरनं ओवाळला, डोक्यापासनं त्या दोन पायांपर्यंत, मग सायकलीवरनं ओवाळला, मग सवितावरनं आन् नातीवरनं. सगळा लांब फेकला.

“आता या,” म्हणली, “माझ्या घरातला माणूस लेकीला घेऊन आला.”