दोन खाड्यांचे मासे आणि माझं फडकं

वहिनींच्या प्रयोगशाळेतल्या नळ्या पुसायला मला कुणी सांगितलं नव्हतं. पण पुसापुशीला मला आमंत्रण लागत नाही. वहिनी डबा घरी विसरल्या होत्या, तो द्यायला गेलो तर त्या पलीकडच्या खोलीत. टेबलावर बोटाएवढ्या काचेच्या नळ्या मांडलेल्या, प्रत्येकीवर काळं गिचमीड. शेजारी स्पिरिटची बाटली आणि स्वच्छ फडकं. एवढा सरंजाम समोर असताना हाताची घडी घालून बसणारी माणसं वेगळी.

वहिनी आल्या तेव्हा नळ्या लख्ख झाल्या होत्या, आणि कुठल्या नळीत कुठला मासा हे सांगणारी खूण फडक्यावर उतरली होती.

ध्रुवाकडच्या गोठत्या समुद्रातल्या माशांची नाती शोधण्यात वहिनींची उमर गेली. या माशांच्या रक्तात म्हणे बर्फ होऊ न देणारं काहीतरी असतं. वहिनींच्याही असावं, कारण त्या ओरडल्या नाहीत. नुसत्या बघत राहिल्या. त्यापेक्षा ओरडणं परवडलं असतं.

नळ्यांत दोन खाड्यांमधल्या माशांच्या परांचे तुकडे होते. मासे दिसायला सख्खे भाऊ. वहिनींचे मोठे सर म्हणत, "मधला प्रवाह पिल्लं इकडची तिकडे नेतो. सगळं एकच गोत." वहिनी म्हणत, घराणी दोन, आपसात सोयरीक नाही. आणि हे मानलं नाही तर मासेमारीच्या बोटी धाकट्या खाडीचा तळ खरवडतील आणि मोठीतून भर पडेल म्हणून वाट बघत बसतील. भर पडणार नाही. सरांनी बजावलं होतं, या नळ्यांतून दोन घराणी दिसली नाहीत तर विषय बंद.

तेवढ्यात सरच आले. सगळं ऐकून माझ्याकडे पाहत म्हणाले, "हे गृहस्थ कोण?"

"माझे दीर. स्वच्छतेची आवड आहे." वहिनींनी एक नळी उजेडात धरली. "आत पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी आहे. स्पिरिटनं शाई जाते, पेन्सिल राहते."

माझा जीव भांड्यात पडला. "मग काढा ना चिठ्ठ्या."

"नको. घड्या तशाच राहू देत. कुठले ते आधी मासेच सांगतील."

"आणि नाही सांगितलं तर?" सर म्हणाले.

"तर तुमचं खरं. विषय मीच बंद करते."

तपासणी चालली त्या दिवसांत घरात मला चहासुद्धा अर्धा कप मिळत होता. शेवटी वहिनींनी नुसत्या जनुकांवरून नळ्यांचे दोन गट लावले आणि चिमटा सरांच्या हातात दिला. सर एकेक घडी उलगडून वाचू लागले. "मोठी. मोठी. मोठी." दुसऱ्या गटात "धाकटी. धाकटी." मग एकाएकी त्यांचा चेहरा उजळला. "हा बघा, मोठ्यांच्या गटात धाकट्या खाडीत पकडलेला."

"पाहुणा गेला असेल, सोयरीक नाही. पाहुणा राहिला म्हणून घर त्याचं होत नाही, सर."

उरलेल्या सगळ्या चिठ्ठ्या जिथल्या तिथे निघाल्या. सरांनी चिमटा खाली ठेवला, चष्मा काढला आणि भर प्रयोगशाळेत वहिनींना हात जोडले. "दोन घराणी, बाई. बोटींचा हिशेब आता खाडीनिहाय. मी स्वतः सांगतो त्यांना." जमलेल्या सहकाऱ्यांनी टेबलं बडवली. त्या बडवण्यात कुणाचा तरी चहा सांडला.

मी फडकं घेऊन पुढे सरसावलो. "वहिनी, खुणा असत्या तर सर म्हणाले असते, नावं बघून वाटणी केली. म्हणजे यशात निम्मा वाटा माझा."

"भाऊजी, फडकं खाली ठेवा."