उपाशी मुळं

आमच्या घरात जमीन नव्हती, चळवळीची पत्रकं होती. ‘कसेल त्याची जमीन’ हे मी बाराखडीच्याही आधी ऐकलं असेन. त्यामुळे पुसदच्या घराच्या स्लॅबवर बांबू आणि हिरवी जाळी बांधून मी पाण्यावरची शेती सुरू केली, तेव्हा मला ती नुसती भाजी वाटलीच नाही. मातीच लागत नसेल तर मालक कशाचा? मायला आयुष्यभर स्वतःचं वावर हवं होतं. ते मी तिला देणार होते.

सकाळी आत शिरलं की सगळं हिरवं व्हायचं, माझे हातसुद्धा. पाइपांतून पाणी झुळझुळायचं. वर पालक, खाली अंधारात पांढरी मुळं तरंगायची. वाटायचं, घर जमिनीवरून हळूच सुटलंय आणि कुठंतरी वाहत चाललंय. संध्याकाळी लोकांच्या वावरातलं तण निंदून आलेली माय दारातूनच बघायची.

एका सकाळी मोटर घरघरून बंद पडली. पालकानं माना टाकल्या. पाइप उघडला, तर आत काळा चिखल.

“माय, यात माती टाकली का?”

“उलशीक, मूठभर. मुळं उपाशी दिसून राह्यली होती. पांढरीफटक.”

“अवो, खत पाण्यातच असते! कुठची आणली?”

“निंदाले जातो त्या वावरातली. पदरात बांधून.”

“लोकायची माती कायले आणतं?”

“लोकायची?” ती उसळली. “सारी जिंदगी या हातानं निंदली म्या थे. लोकायची कशी? पत्रकं वाटत फिरतं, अन् एवढं समजत नाही तुले?”

मला हसू आलं, मग आलं नाही.

आम्ही दोघी एकेक रोप काढून बादलीत मुळं धूत बसलो. जाळीतून उन्हाचे हिरवे ठिपके तिच्या पाठीवर हलत होते. गढूळ पाणी मी मोरीकडे न्यायला उचललं, तर तिनं हात धरला. “सांडू नको.” माती तळाशी बसू दिली, वरचं पाणी हलकेच ओतलं, खालचा काळा गाळ घमेल्यात काढून घेतला.

“साजरं हाय तुह्यं हे,” ती म्हणाली. “पन वावर नाही, पोरी.”

मग गाळ बोटांनी पसरत, माझ्याकडे न बघता: “जमीन भेटन का आपल्याले कधी?”

सभेत या प्रश्नावर मी तासभर बोलते. इथं मी फक्त तिच्या शेजारी बसले आणि पुढचं रोप बादलीत बुडवलं.