धुऱ्यावरून चढवलेली जीप

लातुरात शिकवणीच्या पोरांसाठी खानावळ चालवणारी बाई जीपवाल्यांच्या क्लबात गेली, म्हणून आमच्या गल्लीला चार दिवस दुसरा विषय नव्हता. "हिला आता हेच राहिलं होतं," असं शेजारीण म्हणाली. मी तिथल्या तिथं म्हणाले, "हाव, हेच राहिलं होतं. बाकी सगळं करून झालं." माझ्या नाकावर राग असतो, कबूल आहे. दोन्ही वेळेला ताटं भरणाऱ्या बाईच्या नाकावर दुसरं काय असणार?

जीप मी भाजीबाजारासाठी घेतली होती. जुनी, पण चारही चाकांना जोर लागणारी. रविवारी अशा गाड्या घेऊन माळरानात, नाल्यात घालणारी माणसं आहेत, हे मला ती दुरुस्त करणाऱ्या चाचांनी सांगितलं. लातूर-नांदेडची मंडळी, अन् प्रमुख म्हणजे नांदेडचे एक हाडांचे डॉक्टर. पहिल्या दिवशी मी नवऱ्याला सोबत नेलं. डॉक्टरसाहेबांनी यांच्याशी हात मिळवला, इंजिनाचं, टायरचं सगळं यांनाच विचारलं, आणि मला म्हणाले, "वहिनी, मागच्या गाडीत लेडीज आहेत, तिकडं बसता का?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "गाडी मी चालवते," मी म्हणाले. "यांना फक्त सायकल येते."

क्लबाचा रिवाज असा की, नव्या माणसानं आधी रांगेत सगळ्यांच्या मागं गाडी चालवायची. मग एक दिवस त्याची परीक्षा. अवघड जागेतून गाडी आपल्या जोरावर निघाली तर तो क्लबाचा झाला. दोर लावून ओढावी लागली तर त्यानं सगळ्यांना भजे खाऊ घालायचे आणि पुढच्या सालापर्यंत पाहुणा म्हणून राहायचं. भज्यांचं मला काय, मी रोज तळते. पण मला पाहुणी व्हायचं नव्हतं. त्या लोकांनी मला ड्रायव्हर म्हणावं, एवढंच पाहिजे होतं, आणि ते लई पाहिजे होतं.

माझी परीक्षा रेणापूरच्या बाजूला ठेवली. आधी नाला, मग काळ्या रानातला चढ, वर मुरमाड माळ. पावसानं दोन दिवस उघडीप दिली होती, त्यामुळं वरून रान वाळल्यासारखं दिसत होतं. मी शेतकऱ्याची लेक, वडिलांच्या ट्रॅक्टरवर हात बसलेला. खाली उतरून मी मूठभर माती दाबली. तिचा लाडू वळला.

"वाफसा न्हाई अजून," मी म्हणाले. "माती मुठीत फुटली पाहिजे. चार घंटे ऊन खाऊ द्या रानाला."

निलंग्याचे एक बियाण्याचे दुकानदार होते, ते खो खो हसले. "ताई, गाडी घालायची हाय, पेरणी न्हाई करायची!" बियाणं विकणाऱ्या माणसानं हे बोलावं! सगळे हसले. मी पदर खोचला आणि तो लाडू बाजूला फेकून दिला.

"मी दाखवतो कशी घालायची ते," म्हणत डॉक्टरसाहेब पुढं झाले. पाणी उडवत नाला पार केला आणि निम्म्या चढावर गाडी थांबली. त्यांनी रेस दाबली. चाकं मातीनं लिंपून गेली, जागच्या जागी गरगर फिरली आणि गाडी पोटावर बसली. आता दोर लावायचा तर वरून, आणि वर तर कुणाचीच गाडी नव्हती.

"वहिनी, तुमची परीक्षा पुढच्या वेळी घेऊ," ते खिडकीतून ओरडले.

"सुटलो बाबा!" माझा नवरा म्हणाला. पण मला सुटायचं कुठं होतं?

चढाच्या कडेनं दोन शेतांमधला धुरा, म्हणजे बांध, वर माळापर्यंत गेला होता. रुंद, आणि त्यावर हराळी दाट माजलेली. हराळीच्या मुळ्या माती धरून ठेवतात, हे गावाकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी तो आधी पायी चालून बघितला. शेजारच्या सोयाबीनमध्ये एक बाई खुरपत होती. रान तिचंच. तिला विचारलं.

"जा माय," ती म्हणाली. "पण माझ्या सोयाबीनला चाक लावशील तर बघ."

नाला ओलांडून मी दुसऱ्या गिअरात गाडी धुऱ्यावर घातली. ना ब्रेक, ना घाई. यांचं मात्र सुरू झालं, "डावीकडं घे! अगं ब्रेक मार!" उंटावरून शेळ्या हाकायची सवयच आहे या माणसाला. "अहो, गप बसा, न्हाईतर उतरा!" मी ओरडले. त्यांनी डोळे मिटून घेतले. मध्येच मागचं चाक घसरलं, पण पाय मी हलवला नाही. जीप सावरली आणि मुरमावर जाऊन उभी राहिली. दोर लागला नाही.

सोयाबीनची दोन झाडं मात्र मोडली. "डोळे फुटले का गं?" म्हणत त्या बाईनं मला झाडलं. मी हात जोडले. चूक माझीच होती. आता एकही झाड मोडणार नाही, असा तिला शब्द दिला.

मग वरून दोर टाकून डॉक्टरसाहेबांना ओढलं. ते अजून रेस दाबूनच होते. खानावळीत ताटात भात टाकून उठणाऱ्या पोरांवर काढते तसा आवाज मी काढला, "डॉक्टरसाहेब, पाय काढा त्या रेसवरून!" त्यांनी मुकाट काढला आणि गाडी वर आली.

खाली अजून चार गाड्या होत्या. दुकानदार पायी वर आले आणि आपली चावी माझ्यापुढं धरली. "ताई, माझी बी तुम्हीच काढून द्या."

"न्हाई," मी म्हणाले. "तुमची तुम्हीच चालवा. नुसतं माझ्या हाताकडं बघा."

मी धुऱ्यावर उलटी चालत राहिले, चिखलानं साडी गुडघ्यापर्यंत भरली, आणि एकेक गाडी माझ्या हातावर नजर ठेवून वर आली. शेवटी दुकानदार. निम्म्यात त्यांची गाडी डगमगली. सगळ्यांच्या देखत त्यांनी खिडकीतून मान काढली. "ताई, आता काय करू?"

"काही करू नका. येऊ द्या तशीच."

ती आली. सोयाबीनच्या पानालाही धक्का लागला नाही. त्या चिखलात उभी राहून मी एवढी खूश होते की मला रडू आलं, आणि ते कुणी बघितलं तरी मला त्याचं काही वाटलं नाही.