साडूंनी ‘अगं’ सोडलं

कोजागिरीच्या दुधाची नोटीस मी लिहिली आणि तिच्यात ‘सर्व सभासदांनी सपत्नीक उपस्थित राहावे’ असं ठोकून दिलं. सोसायटीचा सेक्रेटरी झाल्यापासून माझं मराठी असंच झालंय, दुधाचं आमंत्रणसुद्धा समन्ससारखं निघतं. आमच्या इमारतीतले बरेच फ्लॅट बायकांच्या नावावर आहेत हे मला पक्कं ठाऊक होतं, मेंटेनन्सच्या पावत्या मीच फाडतो. पण हात सवयीनं गेला. संध्याकाळपर्यंत तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी नोटिशीखाली पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं, “पत्नी सोसायटी पुरवणार, की येताना घेऊन यायची?” नेमके त्याच संध्याकाळी माझे साडू आमच्याकडे आले. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, पण ‘यजमान’ हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नाही. ते खाली फळ्यापाशी बराच वेळ उभे राहिले, जिना चढून वर आले, पाण्याचा पेला हातात घेतला आणि म्हणाले, “सेक्रेटरीसाहेब, परवा आमच्याकडून दुधाला ही येईल. सपतीक.”

बायकांचा मान राखणारा इतका कडवा माणूस अख्ख्या पुण्यात दुसरा नसेल, आणि त्या मानाचा इतका त्रास झालेली बाईही माझ्या मेव्हणीखेरीज दुसरी नसेल. साडू सरकारी कचेरीतून अधीक्षक म्हणून निवृत्त झाले आणि नारायण पेठेतल्या आपल्या फ्लॅटमध्ये बसून त्यांनी मराठी भाषा तपासायला घेतली. नोकरीत फायली तपासत तशीच. कुठला शब्द बाईला खाली बसवतो आणि पुरुषाला खुर्ची देतो, हे त्यांना लांबूनच वास येऊन कळतं. लग्नात कुणी जुन्या ओळखीचा माणूस सहज विचारतो, “काय, मुलगी कुठे दिली?” त्यावर साडू शांतपणे सांगतात, “दिली नाही. तिची तिच्याकडेच आहे.” ताईंनी, म्हणजे माझ्या मेव्हणीनं, फोन उचलला आणि पलीकडून कुणी “यजमान आहेत का घरात?” असं विचारलं, की साडू हात पुढे करून फोन घेणार. “या घरात यजमान कोणी नाही. नवरा आहे, तोच बोलतोय. बोला.” एकदा दवाखान्यात आम्ही नंबर लावून बसलो होतो. एक छोटा मुलगा इंजेक्शनच्या आधीच भोकाड पसरून रडत होता आणि त्याचे वडील त्याला म्हणाले, “मुलीसारखा काय रडतोस?” साडूंनी चष्मा वर केला. “मुलगी कुठे रडतेय? ती बघा, कोपऱ्यात गप्प बसलीय. रडतोय तो मुलगाच.” वडिलांनी मुलाला उचललं आणि ते पलीकडच्या बाकावर जाऊन बसले. मीही जरा सरकून बसलो.

सकाळी टेकडीवर फिरायला येणाऱ्या मंडळींशी त्यांचा याच विषयावर रोजचा सामना असतो. चेअरमन बाई असली तर तिला काय म्हणायचं, इथून सुरू होतं आणि खाली उतरेपर्यंत दोघेतिघे एकमेकांशी बोलत नसतात. एक निवृत्त इंजिनिअर त्यांना नेहमी सुनावतात, “अहो, शब्द बदलून काय होणार आहे? काही होत नाही.” साडूंचं उत्तर ठरलेलं. “काहीच होत नसेल, तर बदलायला तुमची हरकत कसली?” घरच्या कामवालीला कामवाली म्हणायचं नाही, मदतनीस म्हणायचं, असा त्यांनी फतवा काढला. ती म्हणाली, “म्हणा की. पण मग दिवाळीला सुट्टी किती?” दारावरच्या पाटीवर श्री नाही, सौ नाही, दोन्ही नावं, त्यातही ताईंचं वर. बायकोच्या नावाआधी लग्न झाल्याची पाटी लागते मग माझ्याच का लागत नाही, हा त्यांचा सवाल. त्याचं उत्तर मला आजवर देता आलेलं नाही. देता येत नाही म्हणून मी चहा मागवतो. आणि हा गृहस्थ नुसता बोलघेवडा आहे, असंही म्हणता येत नाही, तेच अवघड आहे. सकाळचा चहा तेच करतात. भाजी तेच चिरतात. दोडका चिरायला पाऊण तास लागतो आणि नंतर तो दोडका होता हे ओळखू येत नाही, पण चिरतात.

तर अशा माणसाच्या घरात एका रविवारी बाँब पडला, आणि तो त्यांच्या लाडक्या लेकीनंच टाकला. ती हिंजवडीत नोकरी करते, नवऱ्याला नावानं हाक मारते आणि अरेतुरे करते. साडूंना त्याचा कोण अभिमान. जेवता जेवता ती म्हणाली, “बाबा, सॉरी हं, पण हे टोटली अनफेअर आहे. जगाचे शब्द बदलत फिरता आणि घरात आई तुम्हाला अहो-जाहो करते, तुम्ही तिला सरळ अगं. कधी लक्षात नाही आलं?” साडूंच्या हातातला घास हातात राहिला. त्यांनी त्या दिवशी दुसऱ्यांदा भात घेतला नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी ताईंच्या मागे लकडा लावला, की मला अरे म्हण. ताईंनी प्रामाणिकपणे प्रयत्न केला, हे मी हिच्याकडून, म्हणजे माझ्या बायकोकडून, ऐकलंय. स्वयंपाकघराचं दार लोटून त्यांनी एकटीनं सरावसुद्धा केला. मग बाहेर येऊन म्हणाल्या, “अरे, चहा घेतोस का… हो?” आणि तोंडाला पदर लावून आत पळाल्या. साडूंनी आठवडाभर वाट पाहिली आणि निर्णय दिला. बायकोला खाली उतरता येत नसेल, तर नवऱ्यानं वर चढायचं. उद्यापासून मीच तुम्हाला अहो म्हणणार.

‘तुम्हाला’ म्हणजे ताईंना. मी तिथे होतो, माझा क्षणभर गोंधळ झाला.

इतर गावांत काय होतं ठाऊक नाही, पण पुण्यात माणूस फार आदरानं बोलायला लागला की ऐकणारा दोन पावलं मागे सरतो. “आपण जेवून घ्यावं” असं नवरा बायकोला म्हणाला, तर त्या घरात काहीतरी मोठं झालंय हे शेजाऱ्यांना सांगावं लागत नाही. साडूंच्या खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी मला जिन्यात गाठून हळूच विचारलं, “काही बिनसलंय का वर? परवा ते बाईंना म्हणत होते, ‘अहो, तुमचा टॉवेल वाळलाय.’ मला बरं वाटलं नाही ऐकून.” बुधवार पेठेत मिक्सर घ्यायला आम्ही चौघं गेलो होतो, तेव्हा साडूंनी काउंटरपाशी अदबीनं विचारलं, “अहो, तुम्हाला हा चालेल का?” दुकानदारानं एकदा ताईंकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे, आणि म्हणाला, “काका, तुम्ही जरा थांबा. आधी या बाईंचं होऊ द्या. त्या तुमच्या आधी आल्यात.” साडू खरोखरच बाजूला उभे राहिले. तत्त्वच तसं होतं. हसून हसून माझे डोळे भरले. परतीच्या रिक्षात ताई मात्र पूर्ण वेळ बाहेर बघत होत्या आणि हिनं मला कोपरानं ढोसलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ताई हातात पिशवी घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या. “चार दिवस राहते गं,” म्हणाल्या. भांडण झालं का, असं विचारलं तर नाही. काही बोलले का, तर तेही नाही. “भांडायला तरी काय आहे? किती मानानं वागवतात.” आणि मग भेंडी पुसता पुसता, आमच्याकडे न बघता त्यांनी सांगितलं. “भाऊजी, आई गेली, बाबा गेले, गेल्या वर्षी आत्या गेली. शाळेत मी बाई होते, शेजारी काकू आहे, लेकीची आई आहे, ही मला ताई म्हणते. मला अगं म्हणून हाक मारणारं मोठं माणूस एकच उरलं होतं. आता तेही अहो म्हणतं. घरात मी कुणाकडे तरी पाहुणी आल्यासारखी वावरते. सकाळी ते चहा आणून देतात, ‘घ्या’ म्हणतात, आणि मला वाटतं, आता उठून निघायला हवं.”

हिनं ताईंच्या हातातलं फडकं घेतलं आणि मला चपलांकडे बोट दाखवलं. 

मला नारायण पेठेत पाठवण्यात आलं. साडू खिचडी करत होते, कुकरच्या शिट्ट्या बोटांवर मोजत. मी जरा चाचरतच म्हटलं, दादा, हा हट्ट सोडा. ते म्हणाले, “हट्ट नाही. तिनं मला अरे म्हणावं, मी त्याच क्षणी अगं म्हणतो.” मी म्हटलं, त्यांना नाही जमत. त्यावर त्यांनी गॅस बारीक केला आणि स्टुलावर बसले. “तुम्हाला सांगतो. आमच्या घरी वडिलांना सगळे अहो. आजीला अहो. काकांना अहो. आई मात्र सगळ्यांची तू. वडिलांची तू, आजीची तू, आम्हा भावंडांचीही तू. घरात सगळ्यांना मान होता, एकटी ती सोडून. ती गेल्यावर तेराव्याला गुरुजी आले, आणि ‘त्यांना काय आवडायचं?’ असं त्यांनी विचारलं. कुणाबद्दल विचारतायत, ते मला कळेना. तिला अहो म्हटलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. तेव्हापासून हे डोक्यात आहे. आता आपल्याच घरात तेच चाललंय म्हटल्यावर मी काय करायचं?”

इतकी वर्षं मी या माणसाची टर उडवत आलो होतो.  आता मी फक्त ताई जे बोलल्या होत्या ते सांगितलं, जसंच्या तसं; आत्या, शाळा, काकू, पाहुणी, चहा. मधे कुकरची शिट्टी झाली, ती त्यांनी मोजली नाही. चष्मा पुसत म्हणाले, “मी लेकीचं ऐकलं, तत्त्वाचं ऐकलं. हिला विचारायचं राहिलंच.” मग माझ्याकडे वळून, “पण मग तत्त्वाचं काय करायचं हो?” मी म्हटलं, खिचडी लागतेय, दादा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते आमच्याकडे आले. लिफ्ट बंद होती, जिना चढून त्यांना धाप लागली होती, त्यामुळे आल्या आल्या काही बोलता येईना. ताई हॉलमध्ये गवार मोडत बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही, पण हात थांबले. हे दारात, त्या पाटावर, आणि आम्ही दोघं उगाचच भिंतीवरचं कॅलेंडर बघतोय. साडूंनी श्वास घेतला. “अगं,” म्हणाले, “घरी चल ना.”

ताई म्हणाल्या, “गवार मोडून होऊ दे. बसा.” आणि गवार मोडायला लागल्या. पण आता भराभरा.

साडू माझ्या शेजारी येऊन टेकले. सरकारी फाईल हरवल्यासारखा चेहरा. हळूच म्हणाले, “हरलो बघा, सेक्रेटरीसाहेब. आईचं देणं होतं, ते मी हिच्या अंगावर टाकत होतो.” मी म्हटलं, असं नाही हो. ते म्हणाले, “असंच आहे. आता आईच्या फोटोलाच अहो म्हणतो सकाळी. ‘आई, तुम्ही कशा आहात?’ तिला तक्रार करता येत नाही.” असं म्हणून ते हसले, पण ते हसणं नेहमीचं, समोरच्याला गप्प करणारं नव्हतं. उठताना त्यांनी ताईंची पिशवी उचलली. ताई म्हणाल्या, “अहो, राहू दे, जड आहे.” ते म्हणाले, “चल गं.” आणि दोघं जिना उतरून गेले, ते पुढे, ताई मागे. खाली फळ्यापाशी आल्यावरसुद्धा साडूंनी नोटिसा वाचल्या नाहीत, सरळ फाटकाबाहेर पडले. बाल्कनीतून ते पाहताना मला उगाच चुकचुकल्यासारखं झालं.

मग मी आत आलो. मध्यस्थी फत्ते झाली होती, त्यामुळे अंगात थोडी ऐट आली होती. ही ताईंच्या अंथरुणाच्या घड्या घालत होती. मी म्हटलं, “बघ, शेवटी अगंच गोड. मी तर तुला पहिल्यापासून अगंच म्हणत आलोय. तुलाही तेच बरं वाटतं ना?”

तिनं चादरीची टोकं जुळवली, घडी उशीवर ठेवली, आणि म्हणाली, “अगं काय, कुणालाही म्हणता येतं. लग्नात तुमच्याकडच्यांनी ताटात तांदळावर माझं नवं नाव लिहिलं, तेव्हापासून मला मंदा म्हणणारी ताई एकटीच उरलीय. चार दिवस घरात कुणीतरी मंदा, मंदा म्हणून हाका मारत होतं. बरं वाटलं.”