आमच्या घरातली ट्रॅम

माझा काका रोज संध्याकाळी पाच वाजता कलकत्त्याच्या ट्रॅममधून फिरायला जायचा. कालीघाटहून एस्प्लनेड आणि लगेच परत. तिथं काम काहीही नसायचं. पहिल्या वर्गाचा डबा, पंख्याखालचं बाक आणि शेजारी माझी आई. घरी आल्यावर आईनं वाढायचं, मग तो जेवायचा.

वडिलांचा हा धाकटा भाऊ तिशीचा होता. सगळे थांबे त्याला क्रमानं पाठ, पण कुणी ‘कसा आहेस’ विचारलं तर छताकडे बघायचा. याला आज ऑटिझम म्हणतात. तेव्हा आम्हाला नाव ठाऊक नव्हतं, म्हणून पुण्याचे नातेवाईक पत्रांतून आपापली नावं सुचवायचे. आई ती पत्रं शेगडी पेटवायला वापरायची.

सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात फ्लूची साथ आली. सारं जग हिंडून ती कलकत्त्यात उतरली आणि आमच्या घरात तिनं नेमकं आईलाच गाठलं. डॉक्टरांनी बजावलं, तीन दिवस अंथरूण सोडायचं नाही, ताप छातीत उतरला तर जड जाईल. पाच वाजता काका चपला घालून दारात उभा राहिला.

वडील त्याला घेऊन निघाले. ट्रॅम आली, पण काका चढेना, कारण वहिनी नव्हती. घरी येऊन तो पुन्हा दारात उभा राहिला आणि जेवला नाही. दुसऱ्या दिवशीही ताटाला शिवला नाही. ते बघून आई तापातच पदर सावरत उठायला लागली. “तासाभराचं तर काम, नेऊन आणते भावजींना.” मी तेव्हा नऊ वर्षांची होते. मला दोघांचाही भयंकर राग आला आणि त्याहून जास्त भीती वाटली.

“कुणी कुठं जायचं नाही,” वडील म्हणाले. “ट्रॅमच घरी आणतो.”

वडील रेल्वेत अधिकारी होते, त्यामुळे ट्रॅम म्हणजे त्यांना डाव्या हातचा मळ वाटला. त्यांनी बैठकीत चार खुर्च्या मांडल्या, देवघरातली घंटा दोरीला बांधली आणि ऑफिसची टोपी घातली. काकानं येऊन वर पाहिलं. पंखा नव्हता. म्हणजे दुसरा वर्ग. तो दारात परत गेला.

घरात पंखा एकच, तोही आईच्या खोलीत. अख्खी ट्रॅम तिच्या खाटेजवळ हलवली. मी ड्रायव्हर झाले. वडिलांनी दोनदा घंटा वाजवली आणि पुकारलं, “हाजरा! पार्क स्ट्रीट!”

“जदुबाबूर बाजार,” काका दारातून म्हणाला.

“बरं, जदुबाबूर बाजार. थिएटर रोड!”

“एल्गिन रोड.”

हाताखाली चाळीस माणसं असलेले माझे वडील खाली मान घालून पुन्हा हाजऱ्याला गेले. थांबे जमले, तरी काका बसेना. तेव्हा आई डोळे मिटूनच पुटपुटली, “अहो, ‘आस्ते, लेडीज’ म्हणा.” बायका चढताना कंडक्टर तसं ओरडायचे, म्हणजे ड्रायव्हरनं गाडी सावकाश घ्यायची. आईसाठी ते रोज ऐकू यायचं.

“आस्ते, लेडीज!” वडील गरजले. खालच्या मजल्यावरच्या बंगाली मालकीणबाई जिन्यात येऊन उभ्या राहिल्या.

मी लेडीज होऊन पंख्याखालच्या खुर्चीवर बसले. काकानं मला एका बोटानं उठवलं. मग ती खुर्ची ओढत नेऊन आईच्या उशाला लावली आणि बसला. वडिलांनी पुन्हा, या वेळी हळू, “आस्ते, लेडीज” म्हटलं. गाडी सुटली. एस्प्लनेडला वळली. मालकीणबाईंनी दारातूनच तिकीट मागितलं, वडिलांनी दिलं. आई ताप विसरून हसत होती.

परतीला वडिलांनी “कालीघाट!” म्हटलं आणि आई सवयीनं उठायला लागली. उतरलं की वाढायचं, हाच तर नेम होता. मी रडायच्या बेतात आले, सगळा खटाटोप फुकट गेला म्हणून.

काकानं वडिलांच्या हातातली दोरी घेतली आणि दोनदा ओढली. गाडी पुन्हा सुटली.

“अरे, कालीघाटच्या पुढं कुठं?” वडील म्हणाले.

“डेपो,” काका म्हणाला. आयुष्यात त्यानं एक थांबा कमी केला नव्हता की वाढवला नव्हता. “वहिनी डेपोत. उद्या सुटणार.”

आई परत आडवी झाली. काका स्वयंपाकघरात गेला, आपलं ताट आपणच घेतलं आणि वडिलांनी करपवलेला भात तीनदा मागून खाल्ला.