गोळ्यांची वाटणी

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. माझे काका-काकू शिरूर कासारहून दरवर्षी दिवाळीनंतर असे एक कोयता होऊन जात. त्यांच्याच कष्टावर मी बीडला बी.एस्सी. करत होते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच.

त्या वर्षी काकांना क्षयाचं औषध सुरू झालं होतं. दवाखान्यातून ते मीच आणून द्यायची. टोळी निघायला दोन दिवस उरले आणि काकूही तशीच खोकायला लागली. मी म्हटलं, "काकू, तपासून घे."

"आन् मुकादमाला कळालं म्हंजी? दोघं बी खोकणारं जोडपं कोन नेतंय? आगं, आमचा कोयता एकच धरत्यात, मग औषध बी एकच धर की. तू शिकलेली हायस. वाटून घेतलं तर चालतंय का?"

मला माहीत नव्हतं. तसं म्हणायची लाज वाटली. "चालतंय," म्हटलं.

दवाखान्यातून हंगामभराचं औषध आणलं आणि वाटणीही मीच केली. लाल कॅप्सूल जोराची वाटली, म्हणून ती काकांना. पांढऱ्या गोळ्या काकूला. कॅप्सूलनं लघवी लाल होते, तेवढं काकांना ठाऊक होतं. म्हणाले, "म्हंजी रंगपंचमी माझी एकट्याचीच!"

"मंग काय! तुमाला रंग, मला कोरडं. जलमभर असंच चाललंय," काकू म्हणाली. आम्ही तिघंही लई हसलो.

संक्रांतीनंतर वर्गात सरांनी जनुकं शिकवायला घेतली. क्षयाचे जंतू फुप्फुसात कोट्यवधी असतात. त्यातल्या एखाद्याच्या जनुकात नक्कल होताना सहज एक अक्षर बदलतं आणि एखादं औषध त्याला लागू पडत नाही. औषध हा बदल घडवत नाही. ते बाकीच्यांना मारून त्या एकाला रान मोकळं करून देतं. म्हणून औषधं एकत्र द्यायची. एकातून सुटलेला जंतू दुसऱ्यानं मरतो.

माझा पेन थांबला. मी काकांना एकटी कॅप्सूल दिली होती.

त्या दिवशी पोस्टकार्ड लिहायला घेतलं. पण फडावर ते वाचून दाखवणार मुकादमच, असं मनाशी म्हणत फाडून टाकलं. बसनं जाता आलं असतं. एका दिवसाची वाट होती. गेले नाही, कारण काकांसमोर 'मी चुकले' म्हणावं लागलं असतं. परीक्षेत हाच प्रश्न आला. मी पानं भरून उत्तर लिहिलं.

पाडव्याला काका परतले तेव्हा त्यांना बैलगाडीतून उतरवून घ्यावं लागलं. कॅप्सूल आता त्यांच्यावर चालत नव्हती. पुढच्या हंगामाआधी ते गेले. काकूनं मात्र आपल्या नावानं पुरं औषध घेतलं. तिच्या जंतूंवर कॅप्सूल अजून चालत होती. ती बरी झाली.

वर्षश्राद्धाला ती पाहुण्या बायकांना सांगत होती, "ह्या पोरीनं माज्यापुरत्या गोळ्या काढून दिल्या, म्हनून मी ऱ्हायले. घरात एक तरी शिकलेलं मानूस पायजे."

बायका कौतुकानं माझ्याकडं बघत होत्या. मी भाताचं पातेलं घेऊन आत गेले. काकूला खरं काय ते अजून सांगितलेलं नाही.